ताजमहालाची छापील किंमत

माणसाला कसला ना कसला शौक असतो. आमच्या मोहल्ल्यात कुणी कबुतरे पाळतो, कुणी अत्तराच्या रिकाम्या कुप्या जपतो, तर एका बुजुर्गांकडे 1970 पासूनची सगळी बोटीची तिकिटे आहेत. यांना कुणी हसत नाही. पण पस्तिशीला आलेला, बी.एड. झालेला, उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित शिकवणारा माणूस प्लास्टिकचे ठोकळे जमवतो म्हटल्यावर लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "केवढ्याला पडतात?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही गेली दहा-बारा वर्षे शोधत आहोत आणि ते एका वाक्यात देता येत नाही.

ठोकळे म्हणजे लेगो. डेन्मार्कमधल्या बिलुंड या गावी 1932 मध्ये एका सुताराने लाकडी खेळण्यांचा कारखाना काढला, त्यातून ही कंपनी उभी राहिली. एकात एक घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचे पेटंट 28 जानेवारी 1958 चे. त्या वर्षीचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर तसाच बसतो. ठोकळा जगभर तोच, रंग तोच, डबीतल्या तुकड्यांची संख्या तीच. बदलते ती फक्त किंमत, आणि ती इतकी बदलते की लेगो जमवणारी मोठी माणसे एकत्र आली की खेळण्याबद्दल कमी आणि भावाबद्दल जास्त बोलतात. कांदा-बटाट्याच्या बाजारात बायका बोलतात तशीच. फरक इतकाच, की यांचा बाजार एका गल्लीत नसून पाच-पंचवीस देशांत पसरलेला आहे.

या लोकांचे पहिले मोजमाप म्हणजे दर तुकडा. अमेरिकेत तुकड्याला दहा सेंट पडले तर भाव रास्त, अशी जुनी समजूत आहे. हजार तुकड्यांचा सेट शंभर डॉलरला असला की मंडळी मान डोलावतात. आम्हाला हे माप कधीच पटले नाही. नखाएवढा गोल तुकडाही एक आणि वीतभर लांब पट्टीही एकच? हे म्हणजे तांदूळ दाणे मोजून विकण्यासारखे झाले. पण माप चुकीचे असले तरी सगळे तेच वापरत असतील तर बाजार त्यावर चालतो.

दुसरे मोजमाप देशादेशांचे, आणि खरी गंमत तिथे आहे. 2017 मध्ये 'स्टार वॉर्स' चित्रपटांतले मिलेनियम फाल्कन हे अवकाशयान 7541 तुकड्यांत आले. अमेरिकेत किंमत 799.99 डॉलर, जर्मनीत 799.99 युरो, ब्रिटनमध्ये 649.99 पाउंड. आम्ही हा हिशेब सातवीच्या वर्गात शेकडेवारीचा धडा शिकवताना फळ्यावर मांडला होता. त्या शरद ऋतूतल्या दराने युरोची किंमत साधारण 945 डॉलर होते आणि पाउंडाची 860 च्या आसपास. म्हणजे अमेरिका स्वस्त, जर्मनी महाग. मुलांनी लगेच निकाल दिला. पण जर्मन किमतीत 19 टक्के आणि ब्रिटिश किमतीत 20 टक्के कर आधीच मिसळलेला असतो, अमेरिकन किमतीत तो नसतो. तिथे गल्ल्यावर राज्याप्रमाणे वेगळा आकारतात. कर काढून पाहा. जर्मन किंमत 790 डॉलरपर्यंत येते, म्हणजे अमेरिकेच्या बरोबरीने. ब्रिटिश किंमत तर 715 वर उतरते. सगळ्यात महाग दिसणारा देश बरोबरीला आला आणि मधला सगळ्यात स्वस्त ठरला. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, मग अमेरिकेच्या खोक्यावरची किंमत खोटी ना?" खोटी नाही, अर्धी सांगितलेली. ओरेगॉन किंवा डेलावेअर अशा राज्यांत विक्रीकरच नाही, तिथे राहणाऱ्या संग्राहकाला ती पूर्ण खरी ठरते. बाकीच्यांना नाही.

किंमत न बदलताही वस्तू स्वस्त होते, हेही याच यानाने शिकवले. त्याची पहिली मोठी आवृत्ती 2007 ची, 5195 तुकड्यांची, अमेरिकेत 499.99 डॉलर, ब्रिटनमध्ये 342.49 पाउंड. तेव्हा एका पाउंडाला दोन डॉलर पडत, म्हणजे लंडनचा खोका जवळजवळ 685 डॉलरचा. पुढे मंदी आली, 2009 च्या सुरुवातीला पाउंड दीड डॉलरच्याही खाली गेला. छापील किंमत तीच धरली तरी लंडनचा खोका आता अमेरिकेच्या खोक्यापेक्षा स्वस्त. 2016 च्या जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचा कौल दिला, पाउंड पुन्हा गडगडला. एका देशाचे नशीब घसरते तेव्हा दुसऱ्या देशात कुणीतरी सूट मिळाली म्हणून खूश होतो. बाजाराला त्यात काही गैर दिसत नाही. ज्यांच्या घरी रियाल-दिनाराचा दर पाहूनच पैसे पाठवले जातात त्या कोकणी कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सर्वांत जास्त सवलत जर्मनीत मिळते, असे संग्राहक सांगतात. छापील किमतीवर तीस टक्के सूट ही तिथे नवलाची गोष्ट नाही. कारण सरळ आहे: मोठ्या दुकानांची आपसांतली चढाओढ. ती मोडायचा प्रयत्नही झाला. लेगोच्या जर्मन शाखेने काही दुकानदारांवर ठरावीक किमतीखाली न विकण्याचा दबाव आणला, म्हणून तिथल्या स्पर्धा नियामक कार्यालयाने जानेवारी 2016 मध्ये तिला 1 लाख 30 हजार युरोचा दंड केला. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये पगार मोठे आणि भावही मोठे, म्हणून तिथली मंडळी गाडी काढून सीमेपलीकडच्या जर्मन गावात खरेदीला जातात. आणि ज्या डेन्मार्कमध्ये हा ठोकळा जन्मला तिथे कर 25 टक्के! नारळाच्या बागेत नारळ महाग म्हणतात तो हा प्रकार.

आता आमच्याकडचे. आमच्या खाडीकाठच्या गावात लेगो दुकानातून आला नाही, बॅगेतून आला. 1990 च्या दशकात मामू कुवेतहून दोन वर्षांनी एकदा येत. बॅगेचे वजन तीस किलो. त्यात दुधाची पावडर, टँग, ब्लँकेट, नानीचा बाम, सगळ्यांचे कपडे. ठोकळ्यांचे खोके मोठे आणि आत अर्धी हवा. मामू खोका तिथेच टाकून देत आणि ठोकळे मोज्यांत भरून आणत. मोज्यातून ठोकळे ओतण्याचा तो आवाज आम्हाला अजून ऐकू येतो. संग्राहकांच्या जगात खोका नसलेल्या सेटची किंमत पडते आणि न उघडलेल्या खोक्याची चढते, हे आम्हाला पुढे कळले. मामूंना ते सांगितले असते तर त्यांनी विचारले असते की हवेचे वजन नानीच्या कोणत्या औषधातून कमी करू.

भाव मात्र मामूंना बरोबर ठाऊक असत. आखातात तेव्हा विक्रीवर कर नव्हता. दुबईचा शॉपिंग फेस्टिव्हल 1996 मध्ये सुरू झाल्यावर तर तिथला नातेवाईक कोणत्या महिन्यात येणार यावर घरातली खरेदीची यादी ठरू लागली. पुढे 1 जानेवारी 2018 पासून अमिरात आणि सौदी दोन्हीकडे पाच टक्के कर आला, सौदीने तो जुलै 2020 मध्ये पंधरा टक्के केला. तरीही भारतापेक्षा ते बरे होते. आपल्या सरकारने परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क फेब्रुवारी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के केले आणि 2023 मध्ये 70. त्यावर 12 टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर 2025 मध्ये साध्या खेळण्यांना 5 टक्के झाला. फक्त या दोन करांचा हिशेब करा: बंदरात शंभर रुपयांचा माल, शुल्क धरून 170, जुन्या जीएसटीने 190 रुपये 40 पैसे. दुकानदाराचे भाडे आणि नफा अजून बाजूलाच आहेत. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला, त्यामुळे हौसेने चार खोके मागवून विकणारे छोटे दुकानदार बाजूला पडले.

स्वदेशी कारागिराला आधार मिळावा म्हणून शुल्क असेल तर आमची तक्रार नाही. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आमच्याही कपाटात आहेत. पण लाकडी आंबा घेणारा आणि लेगो घेणारा यांची खरेदी एकमेकांच्या आड येत नाही. आड येते ती क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची नक्कल. तिथे तेच चित्र, तसेच खोके, फक्त नाव एखादे अक्षर बदललेले, आणि किंमत पाचवा हिस्सा. इथे एक भेद सांगितला पाहिजे. युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर 2010 मध्ये निकाल दिला की आठ बोंडांच्या ठोकळ्याचा आकार हा कुणा एकाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. म्हणून स्वतःच्या नावाने, स्वतःचे नमुने काढून जुळणारे ठोकळे विकणारी कंपनी चोर नाही. दुसऱ्याचा अख्खा सेट, चित्रासकट उचलणारा चोर आहे. आम्ही पहिल्याचे घेतो, दुसऱ्याचे घेत नाही. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार, हे अब्बांचे आवडते वाक्य; पण नकली ठोकळेही हल्ली पूर्वीइतके रडवत नाहीत, हेही खरे सांगून टाकतो. न घेण्याचे कारण दर्जाचे राहिलेले नाही.

एक सेट मात्र असा निघाला की त्याच्यावर आमचा जीव जडला. ताजमहाल. 2008 मध्ये तो 5922 तुकड्यांत आला, अमेरिकेत किंमत 299.99 डॉलर. दोन-तीन वर्षांत तो बनवणे बंद झाले आणि न उघडलेल्या खोक्याची किंमत मुळाच्या कित्येक पट चढली. बंद झालेल्या सेटचे भाव कसे चढतात यावर मॉस्कोच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी अभ्यास केला आहे; 1987 ते 2015 मधल्या दोन हजारांहून अधिक सेटवर वर्षाला सरासरी 11 टक्के परतावा त्यांना आढळला. मग काय, लोकांनी माळ्यावर ताजमहाल रचून ठेवले. आणि 2017 च्या नोव्हेंबरात कंपनीने तोच ताजमहाल, एक तुकडा वाढवून, 369.99 डॉलरला पुन्हा बाजारात आणला. माळ्यावरच्या ताजमहालांचे भाव एका रात्रीत उतरले. आम्हाला त्या साठेबाजांची दया आली नाही. पण आमच्यासाठी 370 डॉलर म्हणजे रुपयांत पंचवीस हजार, तेव्हाच्या आमच्या पगारातला मोठा वाटा. आम्ही फक्त भाव पाहत राहिलो.

आणि 2019 च्या उन्हाळ्यात तो ताजमहाल आमच्या फुफूच्या घरी आला.

फुफूचा मुलगा आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, म्हणून भाईजान. दम्मामला एका मोठ्या दुकानाच्या गोदामात बारा वर्षे होता, बायको आणि दोन मुले सोबत. 2017 च्या जुलैपासून सौदी सरकारने परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना शंभर रियाल फी लावली आणि दर वर्षी त्यात शंभराची भर घातली. 2019 च्या जुलैपासून तिघांचे नऊशे रियाल महिना भरावे लागणार होते. भाईजानने फायनल एक्झिट घेतली. सामान बोटीच्या कार्गोने आले आणि त्यात ताजमहालाचा न उघडलेला खोका होता. एक कोपरा चेपलेला, म्हणून दुकानात मांडला गेला नाही. जाताना त्याला तो दोनशे रियालला मिळाला.

खोका पाहून आमचे काय झाले ते लिहीत नाही. भाईजान हसून म्हणाला, "मास्तर, तुझ्यासारखंच वेड आहे हे. तुला हवा तर ठेव. आठ हजार दे, जास्त नको. मला टेम्पोसाठी पैसे जमवायचेत."

दोनशे रियाल म्हणजे तेव्हाचे पावणेचार हजार. त्याला दुप्पट मिळत होते. आम्हाला एक तृतीयांश किमतीत ताजमहाल. दोघेही राजी, सौदा खुला, फसवाफसवी कुठेच नाही. संग्राहकांच्या गप्पांत अशा सौद्याला शाबासकी मिळते. इंग्लंड-अमेरिकेत लोक घरातले जुने सामान अंगणात किंवा गाडीच्या डिकीत मांडून विकतात. तिथे एखाद्या म्हातारीकडून मुलाच्या बालपणीची ठोकळ्यांची बादली चार डॉलरला उचलली आणि तिच्यात शेकड्याचा माल निघाला, हे किस्से मंडळी शिकाऱ्याच्या थाटात सांगतात. आम्हीही ते ऐकून टाळ्या दिल्या आहेत.

देशादेशांतल्या भावाचा फायदा घेणे आणि हे, दोन्ही वरून सारखेच दिसतात. दोन्हींत तुम्हाला माहीत असते ते समोरच्याला माहीत नसते किंवा त्याच्या उपयोगाचे नसते. पण जर्मनीतल्या दुकानदाराला लंडनचा भाव माहीत असतो. तो आपला नफा पाहूनच सूट देतो. भाईजानला दम्मामच्या गोदामाचा भाव माहीत होता, बाजाराचा नव्हता. बाहेरगावचा काफिला बाजारात पोहोचून भाव कळायच्या आधीच वाटेत गाठून त्याचा माल विकत घेऊ नये, अशी मनाई हदीसमध्ये आहे. आम्ही ती लहानपणी मदरशात पाठ केली तेव्हा डोळ्यांसमोर उंट आले होते. या वेळी कार्गोचा खोका आला.

आम्ही म्हणालो, "भाईजान, याचे पंचवीस हजार येतील."

"पंचवीस? प्लास्टिकच्या ठोकळ्यांचे?" त्याने खोका उचलून हलवून पाहिला, आत आणखी काही असेल म्हणून. "मग तू का नाही घेत पंचवीसला?"

"आमच्याकडे नाहीत."

फुफू पडद्याआडून म्हणाल्या, "देऊन टाक रे त्याला आठला. घरातला मुलगा आहे." भाईजान काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. त्या एका मिनिटात आम्ही हो म्हटले असते तर कुणी आम्हाला नाव ठेवले नसते, फुफूंनी तर मुळीच नाही.

गिऱ्हाईक ठाण्याचे निघाले, ओळखीच्या संग्राहकाकडून आलेले. रविवारी गाडी घेऊन आले आणि पहिल्यांदा चेपलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवले. आम्ही आयुष्यभर घेणाऱ्याच्या बाजूने घासाघीस केलेली, त्या दिवशी विकणाऱ्याच्या बाजूने उभे. आम्ही विचारले, "आपण बांधणार की ठेवणार?" बांधणाऱ्याला कोपऱ्याशी काय करायचे, असे म्हणायचा आमचा बेत होता. ते शांतपणे म्हणाले, "ठेवणार." तिथे आमची बाजू पडली. तेवीस हजारांवर सौदा तुटला. भाईजानने नोटा दोनदा मोजल्या आणि फुफूंच्या हाती दिल्या. टेम्पो सेकंडहँड मिळाला, पावसाळ्यानंतर.

त्याची मुलगी दम्मामच्या इंग्रजी शाळेतून थेट आमच्या उर्दू शाळेच्या पाचवीत आली होती. शाळेत आम्हाला 'सर' म्हणायची, घरी 'चाचा', आणि दोन्हीकडे आधी इंग्रजीत बोलून मग भाषा बदलायची. घरात पंधरा दिवस तिने त्या खोक्यावरचे चित्र पाहिलेले. खोका गेल्यावर तिने रडण्याऐवजी विचारले की आत नक्की काय होते. आम्ही सांगितले की आतले कुणीच पाहिलेले नाही, पण बांधायची पुस्तिका कंपनी फुकट देते, ती कुणालाही पाहता येते. ती शाळेच्या संगणकावर उघडली. शेकडो पाने होती.

आमच्याकडचे सगळे पांढरे ठोकळे काढले. मामूंच्या मोज्यांतलेही त्यात होते. खऱ्या नकाशाच्या मापाचे काही जमणार नव्हते, म्हणून तिने स्वतःच वहीच्या चौकटी कागदावर लहान ताज काढला: घुमट, चबुतरा, चार मिनार. सुटे ठोकळे विकणारा जागतिक बाजार आहे, तिथे पांढरा ठोकळा काही सेंटांना मिळतो. पण भारतात मागवायचा तर टपालखर्च ठोकळ्यांच्या कित्येक पट आणि वर शुल्काची टांगती तलवार. म्हणून आहे त्यात भागवले. घुमट झाला, चबुतऱ्याला राखाडी लावले, तीन मिनार पांढरे झाले. चौथ्याला पांढरे उरले नाहीत, तो पिवळा केला.

तिने लांब जाऊन एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाली, "चाचा, पांढरे सगळ्यात स्वस्त कुठे मिळतात?"